अर्धी कावड

शेवंता, कावड मी नेणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तू वाट बघत राहायची नाहीस. तुझी बहीण कमल माझ्यावर रुसून जामनेरला निघून गेली. गल्लीतल्या बाया मला बघून ओट्यावरून उठून आत जातात. गणा भगत घरी खेटे घालतो. कोजागिरी जवळ आली. तापीवर कावडी भरायला माणसं जमतील आणि सप्तशृंगीच्या गडाकडे चालू लागतील. सगळ्यांचं म्हणणं एकच, बाई नवस अर्धा ठेवून गेली, नवऱ्याने आता तो पुरा करावा. मी नाही म्हणतो. का नाही ते कोणाला सांगत नव्हतो. तुलाही कधी सांगितलं नाही. त्याचाच आता त्रास होतो.

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. बाजार समितीत जन्मभर पोती वाहिली. मला गोड बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. तू म्हणायचीस, तुमच्या तोंडातून शब्द पडतो तो पोतं पडल्यासारखा, खाली कोण उभं आहे ते बघत नाही. तसंच लिहितो. चालवून घे.

आपल्या भिकाला दुसऱ्या वर्षी ताप भरला आणि उजवा पाय वाळला. डॉक्टर म्हणाले, पोलिओ, आता काही होत नाही. मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. तू नाही ऐकून घेतलंस. दोंडाईच्याला व्यापाऱ्याच्या आवारात तू मिरचीचे देठ खुडायला जायचीस आणि पोराला कडेवर घेऊन जायचीस. मिरचीने हात पेटलेले असायचे, म्हणून त्याला उचलण्याआधी ताकाने हात धुवायचीस. बाकीच्या बाया हसायच्या, प्यायला ताक नाही आणि हिला हात धुवायला पाहिजे. तिथेच कधीतरी तू गडाकडे तोंड करून बोललीस, माझं पोरगं पायावर उभं राहून चालू दे, तापीचं पाणी तुला आणून घालीन.

पाचव्या वर्षी तो पोत्यांना धरून उभा राहिला. मग एक दिवस हात गुडघ्यावर दाबून, अंग एका बाजूला टाकत, आवार ओलांडून तुझ्यापर्यंत आला. तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, "हाई काय चालनं? हात लावीसन? देवीनी आर्धंच दिन्हं."

"चालस ना? मंग पुरं शे," तू म्हणालीस.

आणि त्या दिवसापासून तू पीठ बाजूला काढायला लागलीस.

आपल्याकडे तेव्हा बायांनी कावड उचलायची पद्धत नव्हती. नवस तुझा आणि खांदा माझा. मला त्याचं काही वाटलं नाही. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा माणूस मी. दोन लहान पितळी घागरी आणि एक बांबू, त्यात काय जड असणार? भगताने नियम सांगितले. एकदा खांद्यावर घेतली की गडापर्यंत कावड जमिनीला टेकवायची नाही. जेवायचं असो की झोपायचं, झाडाला टांगायची, नाहीतर दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची. पायात काही घालायचं नाही. तापीवर घागरी भरल्या, घागरींच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि निघालो. भिका तुझ्या बहिणीजवळ राहिला. भगत पुढे, आम्ही पुरुष मागे, आणि त्यामागे तुम्ही चार-पाच बाया डोक्यावर पिठाची गाठोडी घेऊन.

दोंडाईचा मागे पडलं आणि साक्रीच्या अंगाला आभाळ काळं झालं. तू चालता चालता गाठोडं सोडलंस. त्यातून खताच्या गोणीतला प्लास्टिकचा कागद काढलास आणि मला उभं करून दोन्ही घागरींच्या तोंडावर सुतळीने करकचून बांधलास. आपल्या गल्लीतला सुपडू शिंपी मागून येत होता. त्याला हसू आवरेना.

"अक्का, देवीना पानीले रेनकोट का?"

"तुमना बी बांधी देऊ, भाऊ. कागद शे."

"नको वं. वरथीन पडी ते बी देवनंच पानी."

सगळे हसले. मी ओशाळलो. म्हटलं, काढ ते, लोक हसतात. तू काढलं नाहीस.

मग पाऊस आला. परतीचा पाऊस, थांबायचं नाव नाही. जवळचं म्हणून आम्ही शेतातली गाडवाट धरली होती. काळी माती पायाला अशी चिकटली की अनवाणी निघालेल्या सगळ्यांना बोटभर जाडीच्या चपला झाल्या. मी पोतं नेतो तसा ताठ चालत होतो आणि माझ्या घागरी हिंदकळत होत्या. सुपडू मागून ओरडत होता, "हमाल भाऊ, पोतं नही शे ते. जरासं झुला." मी त्याला शिवी दिली. देवाच्या वाटेवर शिवी दिली म्हणून तू मला तिथेच टोमणा मारलास.

बुराई नदीच्या फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं. गुडघ्याच्या खालीच, पण ओढ होती. भगत म्हणाला, थांबा, पाणी उतरू द्या. मला थांबणं माहीत नाही. मी उतरलो. मागून तू उतरलीस. मध्यावर फरशीचा दगड निघालेला होता, त्या खड्ड्यात माझा पाय गेला आणि मी एका गुडघ्यावर बसलो. कावड पुढे कलली. पुढची घागर पुरात बुडाली, तिचं फडकं, तुझा कागद, सगळं वाहून गेलं. मागची घागर तू छातीशी कवटाळलीस. तूही त्या खड्ड्यात उतरून कमरेपर्यंत पाण्यात होतीस, पाय सरकत होते, पण घागर वर होती. सुपडू आणि भगत आपल्या कावडी दुसऱ्यांच्या खांद्यावर देऊन धावले आणि आपल्याला ओढून पलीकडे काढलं.

भगताने पुढच्या घागरीत डोकावून बघितलं. "हाई बुराई शे आते. ओती दे." मी ओतून दिली.

आता एक घागर भरलेली, एक रिकामी. अशी कावड उचलता येत नाही, बांबू फिरतो. मी चिडलेलो होतो. म्हटलं, दुसरीत दगड टाकू का? तोल तर पाहिजे. तू थंडीने कुडकुडत होतीस तरी हसलीस. मग मी खरं बोललो.

"बुराईनंच भरी लेऊ. शेवट ती तापीमाच जास ना?"

"बुराई तापीले मिळस," तू म्हणालीस. "तापी बुराईले मिळत नही."

सुपडू आता हसत नव्हता. म्हणाला, "अक्का, मनी घागरमातीन घे तांब्याभर. बठ्ठासनी थोडं थोडं दिन्हं तर भरी जाई." इतर माणसंही म्हणाली, घ्या, घ्या. त्या पावसात उभं राहून माणसं आपलं पाणी द्यायला तयार झाली होती. मला वाटलं, सुटलो. तू हात जोडलेस आणि म्हणालीस, "तुमना नवस तुमना, भाऊ. तेमातीन मनं कसं भागी?"

मग तू त्यांना घोंगडी धरायला लावलीस. दोघांनी घोंगडी वर धरली, त्याखाली तू डोक्यावरून पदर पुढे ओढलास, त्याचा तंबू केलास आणि भरलेल्या घागरीतलं पाणी रिकाम्या घागरीत ओतायला लागलीस. मी उकिडवा बसून रिकामी घागर मांडीवर धरली होती. तुझा श्वास मला ऐकू येत नव्हता, इतका तू धरून ठेवला होतास. खाली बुराई, वर आभाळ, अंगावरून पाण्याचे ओघळ. अर्धं इकडे, अर्धं तिकडे झालं. गाठोड्यातला दुसरा कागद काढून तू दोन्ही तोंडं पुन्हा बांधलीस.

भगत म्हणाला, "आर्धी कावड देवीले चालस का नही, माले ठावं नही."

"माले बी ठावं नही. जे शे ते लई जासूत."

अंगात हुडहुडी भरली होती. जवळच्या मळ्यात एक बौद्ध कुटुंब राहत होतं. म्हातारा रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झालेला. त्याने आम्हाला आत बोलावलं. घराचं आढं ठेंगणं, बाहेर झाड नाही, कावड टांगायची कुठे? म्हातारा म्हणाला, "आमच्यात देवी नाही, नवस नाही. पण खाली टेकवायची नसते ना? द्या इकडे, मी उभा राहतो. तुम्ही जेवून घ्या." भगत जमिनीकडे बघायला लागला. तू माझ्या खांद्यावरची कावड उचललीस आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर ठेवलीस. म्हणालीस, "आबा, हात दुखनात का सांगज्यात." मग एकेकाने आपली कावड त्याच्या घरच्यांकडे दिली. शेवटी भगतानेही दिली. त्याच्या म्हातारीने तुला कोरडं लुगडं नेसवलं आणि आम्हाला भाकर-ठेचा वाढला. ते लुगडं तू परत करायला गेलीस तेव्हा तिने घेतलं नाही, हेही मला आठवतं.

कावड परत घेताना म्हातारा मला म्हणाला, "हमाल का तुम्ही? मी रुळाखालची लाकडं उचलली आहेत. पण ही जड आहे हो. आतलं पाणी हलतंय."

खरं होतं ते. भरलेली घागर गप्प असते, अर्धी डचमळते. तिथून पुढे मला चालताच येईना. तेव्हा तू पुढे आलीस आणि मागच्या घागरीवर हात ठेवलास. पुढच्या घागरीवर माझा हात, मागच्या घागरीवर तुझा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपण असे पावसातून चाललो, आणि पुढे गडापर्यंतही असेच. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण रस्त्याने चारचौघांत इतकं जवळ आपण कधी चाललो नव्हतो. चालताना भांडलो ते वेगळंच. मी म्हणत होतो, भरून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, देवी काय मोजायला बसली आहे? तू म्हणत होतीस, हात नीट धरा.

गडावर कोणी विचारलंही नाही. सगळ्यांचं पाणी एकात एक गेलं. मी तुला खाली उतरताना म्हटलं, "देखं? कोनी इचारं का?" तू पायऱ्या बघून उतरत होतीस.

मला वाटलं, संपलं. तुझं संपलं नव्हतं. भिका मोठा झाला, चांगला शिकला, सावद्याला केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला. त्याच्यासाठी मुली बघायला लागलो. एका घरी मुलीचा बाप म्हणाला, पोरगा सोन्यासारखा, पण आमच्या मुलीने लंगड्याच्या मागे चालावं का? परत येताना एस.टी.त तू खिडकीबाहेर तोंड करून बसलीस. घरी आल्यावर भाकर थापता थापता म्हणालीस, "मी पानी आर्धं घालं. म्हनीसन पाय आर्धा राहिना." मी म्हटलं, काहीतरी बडबडू नको. त्याचा पाय आधी वाळला, पाणी नंतर सांडलं. तू म्हणालीस, तुम्हाला नाही कळायचं. पुढे भिकाचं लग्न झालं, जामनेरकडची चांगली मुलगी मिळाली, नातू झाला. तरी दरवर्षी कोजागिरी आली की तू विषय काढायचीस, राहिलेलं पाणी नेऊन घालू. मी म्हणायचो, एकदा झालं ते झालं. तू म्हणायचीस, झालं कुठे? आणि मग दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज मोठा यायचा. लोकांना वाटायचं मी कामाची मजुरी बुडेल म्हणून नाही म्हणतो. तुलाही तसंच वाटलं असेल. मी वाटू दिलं.

शेवटी तुला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तुझा आवाज खोल गेला होता. दुपारी तू मला जवळ बोलावलंस. "ऐकतस का. राहिलेलं पानी पोचाडी द्या." मी तुझ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "चहा लेशी का?" तू भिंतीकडे तोंड केलंस. त्यानंतर तू माझ्याशी कावडीचं बोलली नाहीस, आणि मग बोलणंच थांबलं.

तुला नेताना भिकाने पुढचा खांदा दिला. एक हात गुडघ्यावर, एक तिरडीच्या बांबूवर. दोघे-तिघे पुढे आले, म्हणाले, भाऊ, बदलू द्या. त्याने मान हलवली. नदीपर्यंत खांदा सोडला नाही. मी मागून चालत होतो आणि त्याचा तोल बघत होतो. जन्मभर माणसांचे खांदे बघितले आहेत मी. त्याच्या चालण्यात तू डचमळली नाहीस.

दहाव्याला तापीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, एकही खाली येईना. नातवाला सांभाळू, सुनेला जपू, तुळशीला पाणी घालू, सगळं म्हणून झालं. कमल माझा हात धरून रडायला लागली. "भाऊजी, तिना जीव कावडमा शे. म्हना एकदाव, कावड लई जासू म्हना. लगेच शिवी कावळा." सगळे माझ्याकडे बघत होते. भिकाही बघत होता. एक वाक्य म्हणायचं होतं, त्याला पैसे पडत नव्हते. मी हात जोडून उभा राहिलो आणि म्हटलं, "शेवंता, तुनी कावड पुरी व्हती." कावळा हलला नाही. गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. येताना टेम्पोत कमल म्हणत होती, मेल्यावरही बहिणीला एक शब्द दिला नाही. मी मनात म्हटलं, बघा, हट्टी किती, मेल्यावरही माझं ऐकत नाही.

घरी आल्यावर भिकाने विचारलं, नाना, मी नेऊ का कावड? मी त्याला विचारलं, तुझ्या पायात काही कमी आहे का? तो म्हणाला, मला तर नाही वाटत. मी म्हटलं, मग कशासाठी नेतोस? तो म्हणाला, मायसाठी. तेरावं झालं आणि तो सावद्याला कामावर गेला.

काल गणा भगत पुन्हा आला. आता त्यालाही काठी लागते. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "भाऊ, अक्कानी कावड यंदा आम्ही नेतस. तुम्ही नुसतं हो म्हना." चांगल्या मनाने बोलत होता. मग मला बोलावंच लागलं. मी विचारलं, भगत, बुराईच्या त्या दिवशी तुमच्या घागरीच्या तोंडाला काय होतं?

"फडकं."

"पाऊस किती पडला?"

"रातलोंग पडना."

"मंग गडवर तुम्ही पोचाडं ते किती तापीनं आन किती आभाळनं?"

भगत काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून बसला. मग म्हणाला, "मंग आमना नवस फिटनात का नही, भाऊ?"

"ते तुम्ही आन देवी देखी ल्या," मी म्हटलं. "शेवंतानी कावडमा पानी आर्धं व्हतं. पन बठ्ठं तापीनं व्हतं."

तो उठला. जाताना म्हणाला, यंदा अक्काच्या नावाची कावड भरत नाही.

शेवंता, हे मला त्या वाटेवरच कळलं होतं. पदराखाली तू पाणी ओतत होतीस, तेव्हाच. सगळीकडे फुकटचं पाणी पडत होतं आणि तू त्यातला एक थेंब आत येऊ देत नव्हतीस. पण ते तोंडाने म्हटलं असतं तर बुराईवरचं भांडण मी हरलो असतो. एवढ्यासाठी इतकी वर्षं मी नुसतं 'झालं ते झालं' म्हणत राहिलो. तुला वाटत राहिलं की तुझं काही राहिलंय. तू भिंतीकडे तोंड केलंस तेव्हाही तुला हात लावून सांगता आलं असतं.

आता मी दुसरी कावड नेली, तर पहिली कमी पडली असं मीच साऱ्या गल्लीला सांगितल्यासारखं होईल. ते मी करणार नाही. भिका दिवाळीला घरी आला की त्यालाही हे असंच सांगेन. कमलची समजूत घालायला जामनेरला जाऊन येईन. तिने दारात उभं केलं तरी चालेल.

तू नेलंस तेवढं पोचलं, शेवंता. सगळं पोचलं.